मासींची टिकली

ऑपरेशननंतर मला सगळ्यात जास्त राग आला तो माझ्या हाताचा. छातीचा नाही. ती गेली ती भुलीत गेली, मला कळलंसुद्धा नाही. पण डावा हात जागच्या जागी होता, पाचही बोटं शाबूत, आणि तरी मेला खांद्याच्या वर जाईना. उचलायला गेलं की काखेतून कोपरापर्यंत दोरी ताणल्यासारखी व्हायची आणि डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. उजव्या हातानं फळ्यावर लिहायचं आणि डाव्यानं लगेच पुसायचं, मुलांना उतरवून घ्यायला वेळच द्यायचा नाही, अशी माझी ख्याती. आणि आता साखरेचा डबा काढायचा तर नवऱ्याला हाक मारायची. 'अहो, जरा डबा देता का?' नुसता संताप व्हायचा.

आम्ही बडोद्यात कारेलीबागेत राहतो. सोसायटीत बातमी लपत नाही. बायका यायच्या, सोफ्याच्या टोकाला बसायच्या आणि नजर माझ्या तोंडावरून खाली घसरू नये म्हणून इतका आटापिटा करायच्या की मलाच त्यांची दया यायची. 'काही काम असलं तर सांगा हं.' काय सांगू? डोकं धुऊन द्या म्हणून सांगू? एकीनं तर आवाज खाली आणून विचारलं, 'एकच ना?' मी म्हटलं, 'होते दोनच. त्यातला एक.' ती परत आली नाही. बरं झालं.

दवाखान्यात मात्र असलं काही नव्हतं. दर मंगळवारी तपासणीला जायचं. ड्रेसिंगच्या खोलीबाहेर एक लांबलचक व्हरांडा होता, तिथे आम्ही सगळ्या नंबर येईपर्यंत बसायचो. डोक्याला रुमाल, एक बाजू सपाट, त्यावर पदर नीट ओढलेला. कोणी कोणाकडे चोरून बघायचं नाही. बघायचं ते सरळ बघायचं आणि विचारायचं तेही सरळ. 'तुमची नळी निघाली का?' 'टाक्यांतून पाणी येतं का अजून?' घरी नवऱ्याला जे सांगायला जीभ रेटायची नाही ते तिथे पहिल्या भेटीत सांगून व्हायचं.

डॉक्टरीणबाईंनी मला पहिल्याच मंगळवारी बजावलं होतं. केमो संपली की शेक. शेक म्हणजे रेडिएशन. बडोद्यात सगळे त्याला शेकच म्हणतात, जसं काही गुडघा धरलाय म्हणून वीट तापवून शेकायचंय. 'पण त्यासाठी हात डोक्याच्या वर जायला हवा आणि तिथेच थांबायला हवा. तसा नाही थांबला तर मशीनखाली तुम्हाला नीट झोपवता येणार नाही. आणि शेक लांबणीवर टाकणं तुमच्या बाबतीत बरं नाही.' बाई एरवी गोड बोलायच्या. हे मात्र त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं.

व्यायाम सोपा होता. म्हणजे ऐकायला सोपा. भिंतीला तोंड करून उभं राहायचं आणि बोटं भिंतीवरून चालवत चालवत हात वर न्यायचा. मी त्या व्हरांड्यातल्या भिंतीला तोंड करून उभी राहिले आणि खांद्याशीच अडकले.

'अरे टीचर, भींत तमने खाई नहीं जाय!'

हा मासींचा आवाज. डभोईला त्यांचा किराणा मालाचा धंदा, नवऱ्याबरोबर गल्ल्यावर बसून साठी गाठलेली बाई. उंचीनं माझ्या खांद्याला लागायच्या, रुंदीनं मात्र दोघींची जागा घ्यायच्या. सकाळच्या बसनं यायच्या आणि अंगाला हिंगाचा वास असायचा, रोज आंघोळ करूनही न जाणारा. आम्ही सगळ्या त्यांना मासी, म्हणजे मावशीच, म्हणायचो. त्यांचं ऑपरेशन माझ्या जरा आधी झालेलं, त्यामुळे व्हरांड्यात त्यांचा अधिकार मोठा.

मासी उठल्या, माझ्या शेजारी भिंतीला लागल्या, आणि त्यांची आखूड गुबगुबीत बोटं सुरसुर वर चालत गेली. जिथवर पोचली तिथे थांबल्या. मग दुसऱ्या हातानं कपाळावरची मोठी मरून टिकली उचकटली आणि भिंतीवर बोटांच्या टोकाशी चिकटवून दिली. 'आ मारो चांदलो. हवे आवता मंगळवारे एनाथी ऊपर.' पुढच्या मंगळवारी याच्या वर. मग माझ्या कपाळाकडे बोट दाखवलं. मी काय करणार? माझी टिकली काढली आणि खांद्याच्या जरा वर लावली. इतकी खाली दिसत होती की लाज वाटली.

तिथून ती रीतच पडली. प्रत्येकीची टिकली वेगळी, त्यामुळे कोणाची कोणती हे विचारावं लागायचं नाही. नियम एकच, मासींनी घातलेला: आपली टिकली आपणच हलवायची, दुसरीच्या टिकलीला हात लावायचा नाही. सफाईवाल्या बाईलासुद्धा त्यांनी दम दिला होता. ती बिचारी टिकल्यांच्या कडेकडेनं फडकं फिरवायची.

आमच्यातली तिसरी नंदेसरीहून यायची. नवरा तिकडे केमिकलच्या कारखान्यात, मूळची जळगावकडची, चाळिशीला टेकलेली, पदरी दोन मुली. बोलायला फटकळ. मला 'ताई' म्हणायची आणि प्रत्येक वाक्याला 'वो' लावायची. तिची टिकली हिरवी, मसुराएवढी. तिचा उजवा हात होता, म्हणजे पोळ्या लाटायचा. 'डावा असता तर मी रजाच घेतली नसती वो ताई,' असं मला चिडवायची.

एकदा मी दोघींना विचारलं, लाजतच विचारलं, की तुम्हाला ती जागा खाजते का. म्हणजे जी नाहीये ती. मला दुपारी पेपर वाचत असताना अचानक तिथे खाज यायची, अगदी टोकाला, आणि हात जायचा तर खाली नुसती हाडं आणि चामडी. कधी जड वाटायचं. मुलगा तान्हा असताना पाजायला उशीर झाला की वाटायचं तसं भरून आल्यासारखं. मी ब्लाउज चाचपायची, ओला झाला का म्हणून. मला वाटायचं, वेड लागायची ही सुरुवात आहे.

नंदेसरीची पटकन म्हणाली, 'मलाही वो!' मासी मात्र मुळीच चकित झाल्या नाहीत. म्हणाल्या, इतकी वर्षं त्या घरात राहिलेली ती, अशी एका दिवसात थोडीच जाणार? चार दिवस येईल, बघेल, जाईल. आली की तिला निरोप द्यायचा, आवजो. मी म्हटलं, 'मासी, आवजो म्हणजे पुन्हा या. पुन्हा कशाला बोलावता?' त्यावर मासी अशा हसल्या की टाक्यांवर हात दाबून बाकावर बसल्या, आणि आतून सिस्टर ओरडली. मी नंतर खरंच म्हणायला लागले. खाज आली की मनातल्या मनात, आवजो बेन, आवजो. जरा बरं वाटायचं. पण घरात कोणीतरी येऊन गेलं असं वाटत राहायचं.

मासी गेल्या त्या केमोच्या मधेच. ताप आला, डभोईच्या डॉक्टरनं साधा ताप म्हणून गोळ्या दिल्या, बडोद्याला आणेपर्यंत जंतू रक्तात पसरले होते. मंगळवारी त्या आल्या नाहीत. बस चुकली असेल म्हणत आम्ही त्यांची जागा धरून बसलो. मग सिस्टर बाहेर आली आणि तिनं सांगितलं.

बेसण्याला, म्हणजे दुखवट्याच्या बैठकीला, मी आणि नंदेसरीची दोघी बसनं डभोईला गेलो. पांढऱ्या साड्यांतल्या बायका, मधे पाटावर हार घातलेला फोटो. फोटो जुना होता. मासी त्यात उभ्या, भरल्या अंगाच्या, दोन्ही बाजू जागच्या जागी. मला ती बाई ओळखूच येईना. आमच्या मासी ह्या नव्हत्या. आमच्या मासी एका बाजूला जरा कललेल्या असायच्या. मी हात जोडले आणि मान खाली घातली. घरात हिंगाचा वास भरून राहिला होता, आणि मला सारखं वाटत होतं की त्या आतल्या खोलीत आहेत, आत्ता बाहेर येऊन म्हणतील, चालो, भींत पासे.

पुढच्या मंगळवारी व्हरांड्यात गेले तर त्यांची टिकली भिंतीवर होतीच. मरून, मोठी, माझ्या डोक्याच्या किंचित वर. मासी ठेंगण्या, त्यांचा हात पूर्ण वर गेला तरी तिथवरच पोचायचा. मला मात्र त्याच्या चांगलंच वर जायला हवं होतं. माझी बोटं चढली, खांदा, कान, कपाळ. आणि टिकलीच्या खाली दोन बोटांवर येऊन थांबली.

दुखत नव्हतं. खरं सांगते, दुखणं तोवर पुष्कळ कमी झालं होतं. पण टिकली ही कपाळावर असते ना. भिंतीवर ती दिसली आणि मला तिच्याखाली कपाळ दिसलं, भुवया दिसल्या, डोळे दिसले. बोटं वर न्यायची म्हणजे मासींच्या तोंडावरून न्यायची. डोळ्यांवरून, कपाळावरून, आणि मग त्यांना ओलांडून वर. मी जिवंत म्हणून वर.  मी हात खाली घेतला आणि सिस्टरला सांगितलं, आज दुखतंय.

मग रोजच 'दुखायला' लागलं. घरच्या भिंतीवर तर टिकली नव्हती, पण तिथेही बोटं त्याच उंचीला येऊन थांबायची. डोळे मिटून करून पाहिलं, तर ते आणखी वाईट. मागे कोणीतरी उभं आहे, माझ्या खांद्याशी डोकं असलेलं कोणीतरी, असं वाटायचं आणि नाकाशी हिंग. नवऱ्यानं शेवटी विचारलं, अडतंय कुठे? मी सांगितलं. तो रेल्वेतला माणूस, सगळं रुळावर बसलं पाहिजे. म्हणाला, 'अगं, टिकली आहे ती. कागदाची.' मी म्हटलं, 'तुम्हाला कळणार नाही, तुम्ही चहा करा.' गणित शिकवणारी बाई मी, सत्यनारायणाला सुद्धा नाक मुरडणारी, आणि एका टिकलीला घाबरून बसले होते! मलाच माझा राग येत होता आणि राग येऊनही हात वर जात नव्हता.

डॉक्टरीणबाई गोड बोलायच्या बंद झाल्या. 'केमो संपत आली. हात असाच राहिला तर मी काय करू, सांगा?' मी बाहेर येऊन बाकावर बसले आणि रडले. पदर तोंडात घालून नाही, चांगलं मोठ्यानं. नंदेसरीची शेजारी होती. तिनं 'उगी उगी' वगैरे काही केलं नाही. मी आणलेला डबा उघडला आणि खायला लागली.

पुढच्या मंगळवारी मी भिंतीपाशी उभी राहिले आणि मान वर केली. मासींची टिकली वर गेली होती. फार नाही, जेमतेम वीतभर. पण वर. भिंतीच्या त्या जागेशी माझी इतकी झटापट झाली होती की तिथला पोपड्यान् पोपडा मला पाठ होता. आधीची जागा रिकामी होती. तिथे आता कपाळ नव्हतं, डोळे नव्हते, नुसता चुना.

मी नंदेसरीच्या बाईला दंडाला धरून ओढत आणलं. 'बघ! मासी वर चालल्यात.'

तिनं मान वर करून पाहिलं. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. म्हणाली, 'वरच गेल्यात त्या. खाली कशाला येतील? तुम्ही जा ना वो मागं मागं. म्हातारं माणूस, एकट्या कुठं जातील?'

भीती वाटली का? वाटली. पण भीतीबरोबर आणखी एक गोष्ट झाली, ती मला धड सांगता येत नाही. मासी वाटेत उभ्या नव्हत्या आता, पुढे चालल्या होत्या. मी बोटं टेकवली आणि त्यांच्या मागे निघाले. त्या दिवशी हात जुन्या जागेच्या वर गेला. काख चरचरली, डोळ्यांत पाणी आलं, पण गेला. त्यानंतर प्रत्येक मंगळवारी टिकली थोडी वर असायची. मी घरून निघतानाच धास्तावलेली असायची, आज कुठे असतील म्हणून. भिंतीशी उभी राहून मी त्यांच्याशी बोलायचेसुद्धा, गुजरातीत, पुटपुटत. जरा धीरे चालो ने, मासी. आजूबाजूच्या बायका काही म्हणायच्या नाहीत. त्या व्हरांड्यात माणसं याहून विचित्र गोष्टी करायची.

नंदेसरीची त्या दिवसांत वाळत चालली होती. मी एकदा म्हटलंही, 'अगं, डोळे पिवळे दिसतायत तुझे.' ती म्हणाली, 'आमच्या नंदेसरीचं सगळंच पिवळं वो ताई.' आणि हसली. मीही हसले.

केमो संपली. डॉक्टरीणबाईंनी हात वर करायला सांगितला, केला. डोक्याच्या वर नेऊन कानापाशी टेकवायला सांगितला, टेकवला. त्या घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या आणि मी आढ्याकडे बघत पडून राहिले. 'शाबास,' त्या म्हणाल्या. मला वाटलं होतं मी उडी मारेन. उलट अंग गार पडलं. मशीनखाली नेलं, अंगावर जांभळ्या रंगानं खुणा केल्या, दार लावून सगळे बाहेर गेले आणि शेक सुरू झाला. त्या खोलीत मी एकटीच होते. मासींचा वास नव्हता. मी मुद्दाम श्वास ओढून बघितलं.

मंगळवारी पेढे घेऊन व्हरांड्यात गेले, तर नंदेसरीची नव्हती. सिस्टरला विचारलं. ती म्हणाली, 'ती आता नाही येणार. हिंडवत नाही तिला.' मग म्हणाली, 'तुमच्या मैत्रिणीनं माझी ड्रेसिंगची चिकटपट्टी संपवली, माहीत आहे? टिकलीचा गोंद गेला होता. दर वेळी तुमच्या आधी यायची, सलाइनच्या स्टुलावर चढायची, ती टिकली काढून वर लावायची. आम्ही ओरडायचो, पडशील म्हणून.'

मी भिंतीकडे पाहिलं. मरून टिकली वरती, तिच्या मागून पांढऱ्या पट्टीची कड डोकावत होती. आणि खाली, पार खाली, माझ्या खांद्याच्याही खाली, ती मसुराएवढी हिरवी टिकली. तिच्या जागेवरून ती कधीची हललीच नव्हती.

रविवारी शेकाला सुट्टी असते. मी नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून नंदेसरीला गेले. एका खोलीचं घर, मोठी मुलगी उंबऱ्यात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. आई आत खाटेवर पडलेली. पोट फुगलं होतं, बाकी अंगावर काही उरलं नव्हतं. मी जाऊन बसले आणि रागानंच विचारलं, 'तूच ना गं?'

'मग काय मासी येणारेत स्टुलावर चढून?'

'नियम माहीत होता ना तुला? दुसरीच्या टिकलीला हात लावायचा नाही.'

'तुम्ही तिथंच अडल्या होत्या ना वो ताई. बोट तिथं पोचलं की विस्तवाला लागल्यासारखं मागं. मी बघायची ना दर मंगळवारी.'

'अगं, मग मला सांगायचंस!'

'सांगून ऐकणाऱ्यातल्या आहात का तुम्ही?'

 मग मी विचारलं, तुझं काय म्हणाल्या डॉक्टर. तिनं अगदी बाजारातला भाव सांगावा तसं सांगितलं. लिव्हरवर आलंय. शेक देणार नाहीत, उपयोग नाही. हाताचा व्यायाम राहू दे म्हणाल्या.

'कधी सांगितलं हे?'

'मासींच्या बेसण्याहून आलो ना आपण, त्याच्या पुढच्या मंगळवारी. तुमचं दुखत होतं त्या दिवशी.'

म्हणजे तेव्हापासून तिला येण्याची गरजच नव्हती. इतके मंगळवार ती नंदेसरीहून बस बदलून येत होती, फुगत चाललेलं पोट घेऊन स्टुलावर चढत होती. मी तिला शिव्या दिल्या. खरंच दिल्या, मराठीतून आणि गुजरातीतून, मुलीसमोर. मेले, भवाने, अक्कल गहाण ठेवली होतीस का? आणि बोलता बोलता मला हुंदका आला आणि मी तिच्या खाटेच्या पट्टीवर डोकं टेकलं. तिनं माझ्या टकलावर हात फिरवला. नवे केस नुकते उगवत होते. 'मखमल आलीय वो,' ती म्हणाली.

थोड्या वेळानं तिनं मला उठवलं. 'दाखवा बरं.'

'काय?'

'हात. मी पुरता वर गेलेला कुठं बघितलाय अजून? मी टिकली लावून बाहेर जाऊन बसायची, तुम्ही भिंतीशी लागायच्या आत.'

मी उभी राहिले. डावा हात वर केला. कानाला लावला, सरळ, बोटं छपराच्या पत्र्याकडे. जांभळ्या खुणांची कातडी ओढली गेली, शेकानं आधीच चरचरत होती. ती उशीवर मान वळवून बघत राहिली, खालपासून वरपर्यंत, बोटांच्या टोकापर्यंत. उंबऱ्यातली मुलगी शेंगा सोलायची थांबली. माझा खांदा थरथरायला लागला आणि मी हात खाली आणायला लागले.

'राहू द्या ना वो,' ती म्हणाली. 'अजून थोडा वेळ राहू द्या.'

मी हात वर ठेवला.